साध्या मच्छरदाणीवरचे डास

मल्लेश्वरम, बंगळूर
१४ एप्रिल १९९६

अभिमन्यू,

मोठ्या बहिणीने पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायचे असतात. ते तू माझ्या जुन्या पत्रांतून काढून घे. नवे द्यायला सध्या माझ्याकडे शिल्लक नाहीत.

दोन वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही, तू मला लिहिली नाहीस, आणि दोघांचंही काही अडलं नाही. आजही माझं घरगुती काम नाही. तुझ्या मच्छरदाण्यांच्या योजनेचा आमच्याकडचा अहवाल या आठवड्यात दिल्लीत तुझ्या टेबलावर येईल. खाली डॉक्टर वेणुगोपाल यांची सही असेल. सही मोठी सुंदर आहे, खाली दोन रेघा मारतात. अहवालातली तेवढी एकच गोष्ट खरी आहे.

तू साहेब झाल्यापासून डासांशी तुझा संबंध फक्त भाषणापुरता उरला असेल, म्हणून पहिल्यापासून सांगते. गेल्या वर्षी तुझ्या योजनेने बंगळूरच्या दक्षिणेला, बनशंकरीच्याही पलीकडे, खाणींच्या आसपासच्या दहा वस्त्यांमध्ये मच्छरदाण्या औषधात बुडवून वाटल्या. त्या औषधाचा जोर कायम राहत नाही. म्हणून पावसाळ्याआधी तपासायचं की जाळीवर बसलेला डास अजून मरतो का. मरत असेल तर ठीक. मरत नसेल तर मच्छरदाण्या गोळा करून पुन्हा औषधात बुडवायच्या. हे तपासण्यासाठी सरकार गेली बावीस वर्षं मला पगार देतं.

तपासायची रीत सोपी आहे. मच्छरदाणीच्या कापडावर प्लास्टिकचा पारदर्शक शंकू पालथा धरायचा. वरच्या भोकातून नळीने माझे पाळलेले डास आत सोडायचे, माद्या, कारण चावतात त्या त्याच. तीन मिनिटं त्यांना कापडावर बसू द्यायचं, मग कागदी पेल्यात काढून साखरपाण्याचा बोळा ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी किती मेले ते मोजायचं. शेजारी एक साधी मच्छरदाणी टांगायची. तिला औषधाचा थेंबही लागलेला नसतो, आणि तिच्यावर सोडलेले डास जगायलाच हवेत. ते मेले तर त्यांना मारणारं दुसरंच काहीतरी त्या खोलीत आहे. मग चाचणी गुंडाळायची आणि मुकाट्याने घरी जायचं.

वेणुगोपालसाहेबांना नर आणि मादी यांतला फरक भिंगातूनही कळत नाही, पण खुर्ची कुठली मऊ ते लांबून कळतं. दहा वस्त्या हिंडायचा त्यांना कंटाळा. त्यांनी दहाही वस्त्यांमधल्या मच्छरदाण्या जीपमध्ये भरून एकाच घरात आणवल्या. कल्लुगुड्डे नावाच्या वस्तीत रस्त्याला लागून एक घर आहे. फरशी सिमेंटची, टेबलफॅन आहे आणि बाई कॉफी छान करते. चाचणीसाठी आणखी काय लागतं?

तिथे माझे सगळे डास पटापट पडले. साहेब पाय लांब करून म्हणाले, ‘‘नोडी मॅडम, हंड्रेड पर्सेंट!’’ बघा, म्हणे.

मी साध्या मच्छरदाणीचा पेला त्यांच्या नाकासमोर धरला. त्यातलेही सगळे मेले होते.

‘‘हीट, मॅडम, हीट. एप्रिल अल्लवा?’’ एप्रिल आहे ना, म्हणून.

‘‘साहेब, उकाड्याने मेले म्हणायचे तर मग सगळेच उकाड्याने मेले असतील. चाचणी रद्द करायला हवी.’’

‘‘स्वल्प अड्जस्ट माडी,’’ ते म्हणाले, म्हणजे थोडं सांभाळून घ्या, आणि त्यांनी साध्या मच्छरदाणीची ओळच अहवालातून काढून टाकली.

माझ्या मते त्या घरातल्या बाईने पाहुणे येणार म्हणून सकाळी ऊद जाळला होता. दारातच वास आला. एखाद्या बाईला सरकारी माणसांचं कौतुक असतं, काय करणार. पण त्या उदाच्या धुरावर दहा वस्त्यांचा पावसाळा सोडून देता येणार नाही. अहवाल परत पाठव आणि फेरचाचणी सांग. एवढंच काम आहे.

वसुमती


मल्लेश्वरम
५ मे १९९६

अभिमन्यू,

तुझं उत्तर मिळालं. टाइप केलेलं, इंग्रजीत, ‘डिअर मॅडम’ने सुरू होणारं. खालची सहीदेखील तुझ्या पी.ए.ची. लहानपणी माझ्या पदराला नाक पुसणाऱ्या मुलाने मला मॅडम म्हणावं याचं मला हसूच आलं. आपले पूर्वज शहाजीराजांच्या फौजेबरोबर इथे आले असं तू येईल त्याला सांगतोस. त्यांनीसुद्धा घरात चारचौघांसारखंच लिहिलं असेल रे.

तू म्हणतोस, सक्षम अधिकाऱ्याच्या अहवालापुढे व्यक्तिगत शंका विचारात घेता येत नाही. शिवाय जूनमध्ये तू स्वतः बंगळूरला येऊन योजना यशस्वी झाल्याचं जाहीर करणार आहेस, मंडप ठरला आहे. म्हणजे आधी हार आणि मग लग्न जमवायचं, असा तुमचा क्रम.

तीच व्यक्तिगत शंका घेऊन मी गेल्या रविवारी स्वतः कल्लुगुड्डेला गेले. बसने, डासांच्या पिंजऱ्यावर ओलं फडकं टाकून. कंडक्टरने विचारलं, ‘‘एनक्का, कोळी मरी?’’ त्याला वाटलं कोंबडीची पिल्लं आहेत. मी खरं सांगितल्यावर शेजारच्या दोन बायका उठून पुढे जाऊन बसल्या.

या वेळी चाचणी कुणाच्या घरात केलीच नाही. चिंचेखाली दोरी बांधून वस्तीतल्याच मच्छरदाण्या टांगल्या, शेजारी माझी साधी. साधीवरचे डास दुसऱ्या दिवशी ठणठणीत होते. औषधाच्या मच्छरदाण्यांवरचेही ठणठणीत होते, आणि तेच वाईट आहे. एखाददुसरा पडला, तोही म्हातारा असेल.

औषध गेलं कुठे? युगादीला गेलं, आपल्या पाडव्याला. सणाआधी इथे घरातलं एकूण एक कापड सोड्याच्या उकळत्या पाण्यात घालतात, चुलीवर हंडे चढतात, शेजारणी एकमेकींची गाठोडी पिळतात. मच्छरदाणी काय, आकाश हाताला लागलं असतं तर तेही धुतलं असतं. ‘‘वर्षाच्या सणाला मळकट जाळी घरात कशी ठेवायची, अक्का?’’ असं चंपाने मला विचारलं. बरोबरच आहे तिचं. ‘मच्छरदाणी धुऊ नका’ असं तुमच्या भित्तिपत्रकावर छापलेलं आहे. इंग्रजीत आणि हिंदीत. ते आमच्या ऑफिसच्या जिन्यात लावलेलं आहे, तिथे धुणं कुणीच करत नाही.

ही चंपा वस्तीतली खडी फोडणारी बाई. पोटुशी आहे, आणि गेला आठवडा तिला हुडहुडी भरून ताप येतो आहे. मी तिचं रक्त घेऊन आणलं. मलेरियाच निघाला, आणि साधा नाही, वाईट जातीचा. गोळ्या दिल्या आहेत. पाऊस अजून लागायचाय.

आणखी एक. मागच्या पत्रात मी उदाचं लिहिलं होतं, ते अर्धवट होतं. त्या घरातल्या बाईला मी विचारलं. तिने आम्ही यायच्या आधी फ्लिटचा पंप घेऊन घरभर फवारणी केली होती, पलंगाखाली, भिंतींवर, छतालाही. मग रॉकेलसारखा वास जावा म्हणून ऊद जाळला. अशा खोलीत डास काय, मी आणखी थोडा वेळ बसले असते तर मीही पडले असते. तुझे हंड्रेड पर्सेंट तिच्या पंपाचे आहेत.

तिने असं का केलं हे विचारशील. पाहुण्यांना डास चावू नयेत म्हणून. याहून जास्त कारण मी तुला सांगणार नाही.

वसुमती


मल्लेश्वरम
२० मे १९९६

अभिमन्यू,

या खेपेला सही तुझी स्वतःची आहे, म्हणजे थोडी धग लागलेली दिसते. पण आत काय लिहितोस? ‘एका अडाणी बाईच्या बोलण्यावर राष्ट्रीय योजना थांबवता येणार नाही. सदर बाईचं नाव आणि माहिती कळवावी.’

कळवते. सांगायचं नाही असं ठरवलं होतं, पण तूच विचारलंस.

सदर बाई अडाणी नाही. बी.एस्सी. आहे, रसायनशास्त्र घेऊन. तूच तिला कॉलेजात घातलंस. ती पहिल्या वर्गात पास झाली तेव्हा मल्लेश्वरमच्या या गल्लीत घरोघर तूच म्हैसूरपाक वाटत फिरलास. सदर बाईचं नाव रूपश्री. माहिती अशी की ती तुझी मुलगी आहे.

आता खुर्चीत नीट बस.

तू तिला ‘मला मुलगी नाही’ म्हणालास ते याच घराच्या पडवीत, माझ्यासमोर. तिने देवाप्पाशी लग्न केलं हा तिचा गुन्हा. देवाप्पा खडीच्या क्रशरवर मेकॅनिक आहे आणि आपल्यातला नाही. साडेतीनशे वर्षांचं घराणं एका मेकॅनिकने बुडवलं. इतकं नाजूक होतं ते, हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. तू दिल्लीला निघून गेलास. ती कल्लुगुड्डेला राहायला गेली. मी महिन्यातून एकदा जाते. देवाप्पा शांत माणूस आहे, फार बोलत नाही, मी गेले की माझा छत्रीचा दांडा नाही तर चपलेचा अंगठा दुरुस्त करून ठेवतो. तुझ्याहून मला त्याच्याशी बोलायला सोपं जातं.

चाचणीच्या दिवशी जीप त्या घरापुढे थांबली आणि दार रूपश्रीने उघडलं, तेव्हा माझी काय अवस्था झाली असेल विचार कर. वेणुगोपालांना यातलं काही माहीत नाही. तिने एकदाच माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, ‘‘बन्नी मॅडम, कुतकोळी.’’ या, बसा. मी बसले. भाचीच्या घरात परक्यासारखी बसून तिच्या हातची कॉफी सरकारी कामकाजात प्यायले. तिला भेटायला मिळतंय म्हणून मी जागेला हरकत घेतली नाही, हेही लिहून ठेवते.

मग मी डास घेऊन गेले त्या रविवारी तिने फ्लिटचं सांगितलं तेव्हा मी तिच्यावर ओरडले. ‘‘बी.एस्सी. झालीस ना गं? एवढंही कळू नये?’’

ती चुलीपाशी बसून होती. म्हणाली, ‘‘आत्या, तो कागद दिल्लीला जाणार ना? बाबांकडे?’’

‘‘जाणार. मग?’’

‘‘त्याच्यावर घरमालकिणीचं नाव असतं की नाही?’’

नसतं. घरांना आम्ही नंबर देतो. पण तिला ते ठाऊक नव्हतं. तिला वाटलं, तू दिल्लीत तो कागद उघडणार, रूपश्री देवाप्पा हे नाव वाचणार, आणि पुढे ‘घरात डास आहेत’ असं लिहिलेलं असणार. तू म्हणशील, बघा, म्हटलं होतं ना, कुठे जाऊन पडली. म्हणून तिने क्रशरच्या गोदामातून पंप मागून आणला आणि घरातला डास न् डास मारला, नाकाला पदर बांधून, पोटात मूल असताना. पाचवा महिना आहे. हेही तुला माहीत नव्हतं, नाही का?

ताठा कुणाचा घेतलाय ते आरशात बघ. तिची आई असती तर तुम्हा दोघांच्या कानाखाली एकेक देऊन मोकळी झाली असती. मला ते जमलं नाही.

तुझी मुलगी त्या मच्छरदाणीत झोपते जिचं औषध युगादीला वाहून गेलं. तिच्या शेजारी चंपा तापाने फणफणली आहे. डास चंपाला चावून भिंतीपलीकडे हिलाच चावणार, त्याला घराणं विचारायची सवय नाही. आता अहवाल परत पाठवशील?

अक्का


मल्लेश्वरम
६ जून १९९६

अभिमन्यू,

हाताने लिहिलेलं, मराठीत, ‘प्रिय अक्का’. तुझं अक्षर मी विसरले नव्हते. ‘रूपा’ हा शब्द खोडून ‘रूपश्री’ केलास तेही दिसलं. पत्र हातात धरून मी पायरीवर बसले, क्षणभर वाटलं माझा भाऊ परत मिळाला. मग पुढचं वाचलं.

कल्लुगुड्डेच्या मच्छरदाण्या तू गुपचूप पुन्हा बुडवून देणार. फक्त कल्लुगुड्डेच्या. ‘विशेष बाब’ म्हणून, तोंडी, कागदावर न आणता. नाही तर रूपश्रीला पावसाळा संपेपर्यंत मी मल्लेश्वरमला घेऊन यावं. अहवालाला मात्र हात लावायचा नाही, कारण वर कळवून झालंय आणि कार्यक्रमाची तारीख पक्की आहे.

बाकी नऊ वस्त्यांचं काय? त्यांच्याही मच्छरदाण्या त्याच घरात, त्याच पंपाखाली पास झाल्या. त्या वस्त्यांत कुणाच्याही मुली राहत नाहीत असं वाटतं का तुला? तू बाप म्हणून पत्र लिहिलंस. दोन वर्षं बापाची गरज होती तेव्हा तू साहेब होतास, आणि आज साहेबाची गरज आहे तर बाप झालास. योग्य वेळी योग्य माणूस व्हायला तुला कधी जमणार?

चंपाचं पोटातलं मूल गेलं. मंगळवारी. गोळ्यांनी ताप उतरला होता, पण उशीर झाला होता. मी तिथे होते. यावर मी जास्त लिहिणार नाही, कारण लिहायला लागले तर तुला शिव्याच येतील, आणि तुझा पी.ए. पत्रं उघडतो.

तुझा निरोप मी रूपश्रीला सांगितला. ती चंपाचे कपडे भिजवलेली बादली घेऊन नळाला चालली होती. थांबली आणि विचारलं, ‘‘फक्त आमच्याच?’’

‘‘फक्त तुमच्याच.’’

‘‘मग नको म्हणून कळव.’’

‘‘मल्लेश्वरमला चल तरी.’’

‘‘आत्या, पंप मी मारला. चंपा मला विचारते, अक्का, जाळीत झोपत होते तरी कसं झालं? तिला सोडून मी तुझ्या माडीवर जाऊन झोपू?’’ मग बादली खाली ठेवली आणि डोळे पुसून पुन्हा उचलली. तिला रडताना मी तिच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

देवाप्पाही एवढंच बोलला, ‘‘अवळु हेळिदरे सरी.’’ ती म्हणते तर ठीक. तिला काय पाहिजे ते आधी ऐकून घेणारा माणूस तिने निवडला. तुझ्या लक्षात ते आलं नाही, कारण तू जात विचारत होतास.

आता तुझ्या कार्यक्रमाविषयी. अठरा तारखेला शिवाजीनगरच्या सभागृहात तुझ्या हस्ते दहा वस्त्यांतल्या दहा बायकांना रिबीन बांधलेल्या नव्या मच्छरदाण्या द्यायच्या आहेत. बायका वेणुगोपालांनी निवडल्या. पहिली बाई त्यांनी फार विचार करून निवडली, म्हणतात ‘‘नीट, स्वच्छ, आणि कॅमेऱ्यासमोर धीट.’’ कोण, ते मी तुला सांगणार नाही. तुला आधी सगळं कळवायची माझी जबाबदारी संपली.

अजून बारा दिवस आहेत. अहवाल मागे घेऊन ये. नाही तर हार घालून घ्यायला ये.

अक्का


मल्लेश्वरम
३० जून १९९६

अभिमन्यू,

हार घालून घ्यायलाच आलास.

तू स्टेजवर होतास, मी तिसऱ्या रांगेत. तुला समोर फक्त दिवे दिसत असतील, म्हणून मला काय दिसलं ते लिहिते.

वेणुगोपालांनी पडद्यावर आलेख दाखवले. हिरव्या रंगाचे खांब, सगळे एकाच उंचीचे. टाळ्या झाल्या. मग त्यांनी पुकारलं, ‘‘कल्लुगुड्डे, श्रीमती रूपश्री.’’ तू मान वर केलीस. ती पायऱ्या चढून आली. निळी साडी होती, मीच दिलेली, सहावा महिना आता लपत नव्हता. तुझ्या हातात कुणीतरी मच्छरदाणी दिली. तू ती पुढे केलीस. तिने दोन्ही हातांनी घेतली, अगदी नमस्कार करावा तशी खाली वाकून. छायाचित्रकार म्हणाला, ‘‘सर, स्माइल.’’ तू हसलास. मी तिसऱ्या रांगेत बसल्या बसल्या तुझा तिरस्कार केला, आणि तसा तिरस्कार मी आजवर कुणाचा केलेला नाही.

वेणुगोपालांनी माइक तिच्यापुढे धरला. दोन शब्द आभाराचे बोला, असं त्यांनी तिला आधीच शिकवून ठेवलं होतं. ती कन्नडमध्ये बोलली, सावकाश, म्हणजे मागच्या बायकांनाही कळावं. म्हणाली, एप्रिलमध्ये चाचणी माझ्या घरात झाली. त्या सकाळी मी घरात फ्लिट मारलं होतं. डास त्याने मेले, जाळ्यांनी नाही. साध्या जाळीवरचेसुद्धा मेले होते. जाळ्यांचं औषध युगादीला धुऊन गेलं. माझ्या शेजारणीचं मूल मेलं. पाऊस सुरू झालाय, जाळ्या पुन्हा बुडवून द्या, सगळ्यांच्या.

तिने तुझ्याकडे पाहिलं नाही. मलाही वाटलं होतं की पाहील.

वेणुगोपाल माइक ओढायला लागले. तिने सोडला नाही. मागून कल्लुगुड्डेच्या बायका उभ्या राहिल्या, मग इतर वस्त्यांच्या, आपापल्या मच्छरदाण्यांचं सांगू लागल्या. एकच गलका झाला. पहिल्या रांगेतला वर्तमानपत्रवाला स्टेजपाशी आला आणि त्याने तुला विचारलं, ‘‘सर, या बाई कोण?’’

तू पाणी प्यालास. ग्लास खाली ठेवलास आणि म्हणालास, ‘‘लाभार्थी आहेत.’’

मग मात्र तू उठून माइक घेतलास, अहवाल मागे घेतला आहे, दहाही वस्त्यांत तातडीने फेरचाचणी होईल असं जाहीर केलंस. सगळे लिहून घेत होते, दुसरा मार्गच नव्हता. तरी केलंस ते केलंस, ते मी नाकारत नाही. साहेब म्हणून त्या दिवशी तू प्रथमच कामाचा ठरलास.

फेरचाचणी मी केली. प्रत्येक वस्तीत, उघड्यावर, शेजारी साधी मच्छरदाणी टांगून. साधीवरचे डास जगले. बुडवलेल्या म्हणवणाऱ्यांवरचेही जवळजवळ सगळे जगले. गेल्या सोमवारपासून टब मांडून औषधात बुडवण्याचं काम चालू आहे. वेणुगोपाल कोरडे मोजे घालून जीपमध्ये बसतात आणि वर्तमानपत्रवाल्यांना सांगतात की फेरचाचणीची कल्पना मूळ त्यांचीच. त्यांना ती ठेवू दे, त्यांच्याकडे दुसरी कुठलीच नाही. रूपश्रीने चंपाची मच्छरदाणी आधी बुडवून आणली, मग स्वतःची. रिबीनवाली तिने वस्तीतल्या बाळंतिणीला देऊन टाकली. रूपश्रीचं रक्त मी दर आठवड्याला तपासते. अजून तरी ताप नाही.

आता तुझी कालची चिठ्ठी. ‘माझा नाइलाज होता. सगळ्यांसमोर नातं सांगितलं असतं तर तिच्या बोलण्यावर कुणी विश्वास ठेवला नसता, घरचं भांडण म्हणाले असते. तिला समजावून सांग.’

मी दोन वेळा वाचली. कदाचित खरंही असेल. तू लहानपणापासून हुशार आहेस, प्रत्येक पळपुटेपणाला तुला कारण सापडतं, आणि कधी कधी ते बरोबरही असतं. पण ‘तिला समजावून सांग’ हे जे तू मला लिहिलंस, त्याची मला शिसारी आली. रूपश्री पाळण्यात असताना रडली की तू तिच्या आईला हाक मारायचास. अजून तेच चाललंय, फक्त ती आता नाही म्हणून मी.

त्या दिवशी सभागृहातून आम्ही दोघी ऑटोने आलो. रिबीनवाली मच्छरदाणी तिच्या मांडीवर होती. मला वाटलं लाभार्थी शब्दावर काही बोलेल. मी तयारीत होते, तुझ्याविषयी बोलायला माझ्याकडे पुष्कळ होतं. शेवटी तिने विचारलं, ‘‘आत्या, जाळी देताना बाबांचा हात कापत होता. तुला दिसलं?’’

मला दिसलं होतं. तिसऱ्या रांगेतूनही दिसत होतं, रिबिनीची टोकं हलत होती.

मी म्हणाले, ‘‘नाही. पंख्याचा वारा असेल.’’

तिने मान हलवली आणि रस्त्याकडे बघत बसली. तिचा चेहरा पाहून मला वाटलं, खरं सांगावं. सांगितलं नाही. सप्टेंबरात तिचं बाळंतपण माझ्या घरी आहे. हात कापत होता की नव्हता ते इथे येऊन तिला तूच सांग. मी तुझे निरोप पोचवायचं सोडून दिलंय.

अक्का